पोटासाठी एक किल्ली

आमच्या कार्यालयातल्या बायकांच्या संडासाच्या किल्लीचं वजन दोन किलो आहे. म्हणजे किल्ली करंगळीएवढीच, पण तिला साखळीने एक लोखंडी वजन बांधलेलं आहे. आमचं खातं वजनमापांचं. बाजारातले तराजू आणि वजनं आमच्याकडे तपासणीला येतात. खरी निघाली तर शिक्का घेऊन परत जातात, खोटी निघाली तर बाद होऊन आमच्याकडेच मुक्काम ठोकतात. त्यातलंच हे एक. तराजू घेऊन येणारी मंडळी आमचा संडास वापरून जातात म्हणून कुणीतरी त्याच्या दारात कुलूप बसवलं, आणि किल्ली कुणी चुकून पर्समध्ये टाकून घरी नेऊ नये म्हणून कुणीतरी तिला हे बाद वजन बांधलं. युक्ती नामी होती. त्यानंतर कितीतरी माणसं निवृत्त झाली, पण किल्ली हरवली नाही.

ही किल्ली मोठ्या मॅडमच्या टेबलावर असते. मोठ्या मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांचं टेबल हॉलच्या एका टोकाला, संडास दुसऱ्या टोकाला, आणि मधे आम्ही सगळे. जिला जायचं असेल तिने आधी मॅडमसमोर उभं राहायचं, मॅडमनी चष्म्यावरून बघायचं, मग ते वजन दोन्ही हातांनी उचलून अख्ख्या हॉलमधून खणखण करत जायचं. येताना पुन्हा तेच. दिवसातून एखाद्या वेळी हे कुणालाही जमतं. पण माझं पोट कॉलेज सुटल्यापासून माझ्या हुकमात नाही. कधी फुगतं, कधी मुरडा घालतं, कधी कडकडीत संप पुकारतं आणि मग एखाद्या सकाळी सगळ्या मागण्या एकदम मांडतं. (वाचकांनी नाक मुरडू नये. पोट सगळ्यांनाच असतं, फक्त ते असल्याचं चारचौघांत कुणी कबूल करत नाही.) त्यामुळे ती खणखण माझ्या वाट्याला फार यायची. बाजूच्या टेबलावरचे काका, वयाने आणि जिभेने आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ, मी खुर्ची सरकवली की मान वर न करता विचारायचे, "निघाली का वरात?"

वरातीचंही मी सहन केलं असतं, पण मधे परीक्षा आली. आमच्या खात्यात लागल्यावर एक खातेपरीक्षा द्यावी लागते. पास झालं की नोकरी कायम, दोनदा नापास झालं की घरी. परीक्षा आमच्याच इमारतीत, आमच्याच मजल्यावर. पेपर चालू असताना एकदाच, थोडा वेळ बाहेर जाता येतं. गेल्या वर्षी पेपर निम्मा झाला आणि माझ्या पोटाने हात वर केला. मी पळत गेले तर दाराला कुलूप. मॅडमच्या टेबलाकडे गेले तर टेबल रिकामं. मॅडम खालच्या मजल्यावर दुसऱ्या खोलीत देखरेखीला होत्या आणि किल्ली वजनासकट सोबत घेऊन गेल्या होत्या. मी जिना उतरले, खोली शोधली, किल्ली मागितली, वजन छातीशी धरून पुन्हा जिना चढले. त्या जिन्याविषयी मी याहून अधिक लिहिणार नाही. परत येऊन बसले तेव्हा पर्यवेक्षक पेपर गोळा करत होते.

यंदाच्या परीक्षेची सूचना फलकावर लागली त्या दिवशी मी फलकासमोर उभी राहून ठरवलं, की या वेळी पेपर पुरा करायचा. पोटासकट जमलं तर पोटासकट, नाहीतर त्याला बाहेर बसवून. पण ही नोकरी सोडायची नाही.

निश्चय करावा, पण आईच्या कानावर घालू नये. मी रात्री जेवताना बोलले आणि सकाळी उठले तोवर माझं पोट सार्वजनिक झालं होतं. आईचं मत होतं की मी घास चावत नाही. बाबांचं मत होतं की त्यांच्या काळात तरुण मुलांची पोटं बिघडतच नव्हती. हे सांगताना ते स्वतःची पित्ताची गोळी शोधत होते. समोरच्या काकूंनी दूध बंद करायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी दुधाशिवाय दुसरं काहीही घेऊ नकोस असं बजावलं. आत्याने फोनवर लंघन सुचवलं, आणि दादाने, ज्याला व्यायामशाळेत जायला लागल्यापासून सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर सापडलंय, रोज अंडी खायला सांगितलं.

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. ही माझी चांगली बाजू आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. मी काकूंसाठी दूध सोडलं, मास्तरांसाठी धरलं, आत्यासाठी उपाशी राहिले आणि दादासाठी अंडी खाल्ली. ज्या दिवशी मास्तर आणि काकू दोघंही घरी आले त्या दिवशी मी दूध घेतलं आणि लगेच पश्चात्तापही केला. पोट बिचारं गोंधळलं. आज आपण उपाशी आहोत की पहिलवान आहोत हेच त्याला कळेना, आणि जे कळत नाही त्याला माझं पोट एकाच पद्धतीने उत्तर देतं.

त्यात काकूंचा स्वभाव प्रेमळ. रोज सकाळी मी कामावर निघाले, की त्या वरच्या खिडकीतून मोठ्याने विचारायच्या, "काय गं, आज झालं का नीट?"

या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर उभं राहून देता येत नाही. मान हलवावी तर नुसत्या मानेने काकूंचं समाधान व्हायचं नाही. "थोडं की बऱ्यापैकी?" असा पुढचा प्रश्न यायचा, आणि वाण्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंही माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेने बघायची. एका सकाळी वाणी म्हणाला, "सांगून टाका ताई, काकूंचा जीव लागलाय." त्याच दिवशी मी डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई आत्याच्या वयाच्या होत्या, पण आत्यासारख्या अजिबात नव्हत्या. त्या आधी ऐकायच्या. कधीपासून, केव्हा, कुठे दुखतं, गेल्यावर बरं वाटतं का, असं सगळं त्यांनी एखाद्या दुकानदाराची तपासणी करावी तसं विचारलं. शौचातून रक्त जातं का? नाही. वजन आपोआप उतरलंय? नाही, उलट दादाच्या अंड्यांमुळे चढलंय. झोपेतून कळ येऊन जाग येते? ताप? घरात कुणाला आतड्याचा आजार? नाही, नाही, नाही. मग त्यांनी थोड्या तपासण्या करायला सांगितल्या, आणि पुढच्या खेपेला सगळे कागद बघून म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे."

मला इतका अपमान क्वचितच वाटला असेल. एवढं सोसून माणूस नॉर्मल निघतो म्हणजे काय?

"नॉर्मल म्हणजे तुम्ही खोटं बोलताय असं नाही," त्या म्हणाल्या. बहुधा माझा चेहरा बोलला असावा. "दुखतं ते खरंच दुखतं. आतड्याला जखम नाही, सूज नाही, पण ते हळवं आहे. तुमच्या वयाच्या कितीतरी जणांचं असतं. दुसऱ्याला जे जाणवतही नाही, त्याने तुमचं पोट ढवळून निघतं. आणि पोटाला डोक्यातलं सगळं कळतं, हे लक्षात ठेवा."

हे मला लगेच पटलं. आमच्याकडे सोनारांचे तराजू येतात. ते बिघडलेले नसतात, पण समोर कुणी श्वास सोडला तरी पारडं हलतं. त्यांना काचेच्या पेटीत ठेवतात. मला मात्र काकूंच्या खिडकीखाली ठेवलं होतं.

"एका वेळी एकच बदल करायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं सगळं एकदम करू नका, म्हणजे कशाने बरं वाटतं ते कळेल. आधी जेवणाच्या वेळा पाळा. मग सकाळी उपाशीपोटी घेता ती कॉफी बंद. रोज चाला, नीट झोपा. आणि रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, झोपेतून कळ येऊन उठलात, तर मात्र वाट न बघता या. सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो?"

"ऑफिसात."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"फारसा नाही."

"का बरं?"

मग मी त्यांना दोन किलोच्या किल्लीची हकीकत सांगितली. त्या आधी गंभीरपणे ऐकत होत्या, मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला, आणि वरातीपर्यंत आल्यावर रुमालही कामाला आला नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, मग आधी त्या किल्लीचं बघा. वेळेवर जायला मिळेल की नाही, ही धास्तीच पोटाला ढोसत असते. केव्हाही जाता येईल असं एकदा पोटाला कळलं ना, की ते निम्मं गप्प बसतं."

एवढंसंच काम होतं. एका किल्लीची दुसरी किल्ली करून घ्यायची. कुठलाही किल्लीवाला बोलता बोलता करून देतो. पण मी सरकारी माणूस. कार्यालयाच्या किल्लीची परस्पर नक्कल करणं मला शोभलं नसतं. मी सरळ मार्गाने जायचं ठरवलं, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय असतं हे मला कळलं.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "अर्ज करा. कारण लिहा."

मी लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव.' अर्ज परत आला. वैयक्तिक कारणासाठी सरकारी वस्तू मिळत नाही. मी लिहिलं, 'प्रशासकीय सोयीसाठी.' अर्ज परत आला; त्यावर पेन्सिलीने 'कोणाच्या?' असा प्रश्न होता. मी संध्याकाळभर त्या कागदाकडे बघत बसले. मग डोळ्यांसमोर तो जिना आला, आणि मी दात-ओठ खाऊन लिहिलं: 'माझे पोट वारंवार बिघडते. मला तातडीने संडासला जावे लागते. गेल्या परीक्षेत किल्लीअभावी मी नापास झाले.' खाली सही केली, डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि कागद मॅडमसमोर ठेवला.

मॅडमनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही. अर्ज त्यांनी त्या बाद वजनाखाली सरकवला, आणि तिथे तो कितीतरी दिवस पडून राहिला. मी रोज किल्ली घ्यायला जायची, वजन उचलायची, तेव्हा खाली माझं पोट काळ्या शाईत दिसायचं. मला मॅडमचा असा काही राग आला, की सांगता सोय नाही. एवढ्या कोरड्या बाईच्या हाती माणसांच्या आतड्यांचा कारभार कुणी दिला, असं मी मनातल्या मनात रोज विचारायची.

शेवटी एकदाची फाइल हलली, आणि हलली ती थांबेचना. ती भांडारात गेली. भांडारपालांना सगळे नियमकाका म्हणतात. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "आमच्याकडे कुलपाची नोंद आहे. किल्लीची नाही. नोंद नसलेल्या वस्तूची दुसरी प्रत कशी काढणार? आधी पहिली किल्ली आहे हे दाखवा."

मी मॅडमकडून किल्ली मागून घेतली आणि वजनासकट खाली नेली. नियमकाकांनी किल्लीकडे बघितलंच नाही. त्यांचं लक्ष वजनाकडे गेलं.

"हे बाद वजन आहे!" ते ओरडले. "बाद वजन वापरात कसं? कोणाच्या आदेशाने?"

"अहो, याने कुणी काही मोजत नाही. हे फक्त बांधलेलं आहे."

"बाद ते बाद."

झालं. माझ्या किल्लीच्या फाइलला वजनाच्या चौकशीचं शेपूट फुटलं. मग इमारत देखभालीचे साहेब टेप घेऊन कुलूप बघायला आले. त्यांच्यामागून सुरक्षेचे साहेब आले. किल्ली द्यावी का, या प्रश्नाचा मुळात हे कुलूपच सुरक्षित आहे का, असा प्रश्न झाला, आणि त्यावर एक समिती नेमली गेली. समितीतले सगळे पुरुष. बायकांच्या संडासात जायचं कसं, यावर त्यांची बाहेर उभ्यानेच पहिली बैठक झाली, आणि शेवटी 'संबंधित कर्मचारी' म्हणून मला आत पाठवून, मी आतून जे सांगेन ते बाहेर लिहून घ्यायचं ठरलं. हॉलमधले सगळे कामं सोडून ऐकत होते.

"कडी चालते का?" बाहेरून प्रश्न आला.

"चालते."

"खिडकीतून कुणी येऊ शकेल?"

"मांजर."

"मांजर लिहा," कुणीतरी म्हणालं.

आणि फाइल! सरकारी फाइलच्या समासात प्रत्येकाने आपलं मत लिहायचं असतं. माझ्या फाइलवर भांडाराने लिहिलं होतं, 'हरकत नाही. कर्मचाऱ्याने सकाळी कोमट पाणी घ्यावे.' देखभाल विभागाने खाली लिहिलं होतं, 'कुलूप जुने आहे. पाण्याबाबत असहमत, पाणी गार हवे.' सुरक्षेने लिहिलं होतं, 'वरील दोन्ही मते पाहिली. केळे.' घरी काकू आणि मास्तर, इथे समास. माझ्या पोटावर तोवर इतक्या लोकांच्या सह्या झाल्या होत्या, की ते माझं एकटीचं राहिलंच नव्हतं.

पण मी हटले नाही. फाइल कुठल्या टेबलावर आहे ते रोज विचारून यायचं, आणि पोटावर कुणाचाही शेरा चालू द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. एका वेळी एक बदल. आधी जेवण वेळेवर. दुपारी काम कितीही असो, मी डबा उघडायची. ते अंगवळणी पडल्यावर कॉफी. कॉफीने मात्र मला रडवलं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं इतकं दुखत होतं, की मी एका भाजीवाल्याच्या चक्क खऱ्या तराजूवर बाद शिक्का मारला आणि त्याची पाय धरून माफी मागायची वेळ आली. मग चालणं. काकूंच्या खिडकीखालून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने जायची, त्यामुळे आपोआप जास्त चालणं व्हायचं.

सगळ्यात अवघड होतं घरच्यांना नाही म्हणणं. मी काकूंना नाही म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आत्याने फोन ठेवला. आई म्हणाली, "म्हणजे आमचं काहीच कळत नाही आम्हाला?"

"तसं नाही गं. पण एका वेळी एकच करायचं म्हटलंय. म्हणजे कळतं तरी."

"मग आधी माझं कर. चावून खा."

ते मात्र केलं. आणि सांगायला हवं, त्याचा उपयोगही झाला. हळूहळू मुरडे कमी झाले. वराती कमी झाल्या. एक दिवस संध्याकाळी काका म्हणाले, "आज वाजंत्री नाही ऐकू आली?" आणि मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा आनंद झाला. पण परीक्षेचा नुसता विचार आला, की पोटात गोळा यायचा. तो जिना माझ्या डोळ्यांसमोरून जायचा नाही. पोट आता दिवसभर शहाण्यासारखं वागायचं, पण परीक्षेच्या नावाने अजूनही त्याचा धीर सुटायचा. माझाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, कार्यालय बंद होता होता, नियमकाकांनी मला खाली बोलावलं. टेबलावर एक छोटी पितळी किल्ली होती. तिला साखळी नव्हती, वजन नव्हतं, काही नव्हतं.

"अर्जात ज्या कुलपाचा उल्लेख आहे, त्याच कुलपाची किल्ली," ते म्हणाले. "सही करा. समितीने आणखीही काही शिफारशी केल्या आहेत, त्या..."

मी काही ऐकलं नाही. मी सही केली, किल्ली मुठीत धरली आणि वर पळत सुटले. डोळे भरून आले होते. किल्लीसाठी रडणारी मी पहिलीच असेन.

दुसऱ्या दिवशी आईने रोजच्यासारखाच नाश्ता दिला. काहीतरी वेगळं करून देऊ का, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं, तिच्या भाषेत सांगायचं तर नीट चावून. पेपर सोपा नव्हता, पण येण्यासारखा होता. तराजूची दांडी एका बाजूला झुकत असेल तर काय काय तपासाल, अशा प्रश्नावर मी पोटतिडकीने लिहीत होते, आणि नेमकी तेव्हाच ओळखीची गुडगूड सुरू झाली. मी पेन खाली ठेवलं आणि खिशात हात घातला. किल्ली होती. दार इथून दिसत होतं. वाटेल तेव्हा उठता येणार होतं, कुणापुढे उभं राहायचं नव्हतं, जिना उतरायचा नव्हता. मी सावकाश श्वास घेतला, सोडला. कळ आली, थोडी रेंगाळली आणि मला वळसा घालून निघून गेली. मी पुढचा प्रश्न लिहायला घेतला.

मी सगळा पेपर लिहिला. शेवटचा शब्दही लिहिला आणि खाली रेघ मारली. पर्यवेक्षक कागद न्यायला आले तेव्हा मी त्यांच्याकडे बघून इतकी हसले, की त्यांनी माझा पेपर पुन्हा एकदा उलटून पाहिला.

आणि मग, काम फत्ते झाल्यावर, पोटाने आपली थकबाकी मागितली. मी मुळीच घाबरले नाही. राजाच्या थाटात हॉलमधून चालत गेले. खणखण नाही, वरात नाही. खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली.

किल्ली फिरेना.

उलटी करून बघितली. ओढून बघितली, दाबून बघितली. पोटाला हा सगळा व्यवहार कळत होता, आणि ते आता घाई करू लागलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. मोठ्या मॅडमचा.

"मी आहे, मॅडम. किल्ली लागत नाहीये."

"लागणार नाही. काल संध्याकाळी कुलूप बदललं. समितीची शिफारस होती, कुलूप जुनं आहे म्हणून."

"पण मला तर कालच किल्ली मिळाली!"

"अर्जात कुठल्या कुलपाची मागितली होती?"

"जे होतं त्याच."

"मग बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याचीच दिली."

म्हणजे मी अख्खी परीक्षा एका भंगारात गेलेल्या कुलपाच्या भरवशावर दिली होती. मी भिंतीला टेकले. हसावं की रडावं हे ठरवायला वेळ नव्हता. पोट म्हणत होतं, ते नंतर ठरव.

"मॅडम, जरा लवकर..."

"थोडं थांबावं लागेल," आतून आवाज आला, आणि मग जरा खालच्या पट्टीत, "मलाही वेळ लागतो."

थोड्या वेळाने त्याच पुन्हा बोलल्या. दार मधे असल्यामुळे त्यांना जमलं असावं.

"तुमच्या वयाची होते तेव्हापासून आहे मला हे. किल्ली माझ्या टेबलावर का असते असं वाटतं तुम्हाला? दुसऱ्या कुणाच्या टेबलावर असती तर मला रोज मागायला लागली असती. गेल्या वर्षी खाली घेऊन गेले तीही त्याचसाठी. माझंही पोट परीक्षेला घाबरतं हो. मग तुम्ही त्या दाराशी आलात, घामाघूम. मला सगळं समजलं. मी बोलले काही नाही."

"मॅडम..."

"तुमचा तो अर्ज. 'माझे पोट' असं लिहिलं होतंत तुम्ही. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण मला हे कधी कागदावर लिहिता आलं नाही. तो वर पाठवला तर सगळे हसतील, म्हणून मी दाबून ठेवला. तुमच्या काळजीने. का माझ्याच, कोण जाणे."

इतके दिवस मी या बाईवर राग धरून होते. तो कुठे गेला ते मला कळलं नाही. दारापलीकडे एक बाई इतकी वर्षं एकटीने चष्म्यावरून बघत बसली होती, आणि आम्हाला वाटत होतं की ती आमच्यावर पहारा करतेय. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत. मी पत्ता देते. पण आधी दार उघडा हो."

"हो, हो! विसरलेच मी."

दार उघडलं. मॅडमचे डोळे लाल होते. सवयीने त्यांनी वजन माझ्या हातात ठेवलं, मग काय वाटलं कोण जाणे, ते परत घेतलं, साखळीतून नवी किल्ली सोडवून दाराशेजारच्या खिळ्याला टांगली आणि म्हणाल्या, "जा तुम्ही." मग ते वजन स्वतः उचलून अख्ख्या हॉलमधून चालत गेल्या. या वेळी खणखण झाली नाही, कारण साखळीला किल्लीच नव्हती.

मी पास झाले. नोकरी कायम झाली. काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय गं, झालं का?" आणि मी रस्त्यावरून ओरडून सांगितलं, "झालं! दोन्ही झालं!" पोट अजूनही अधूनमधून कुरकुरतं. ते माझं हळवं पोट आहे, तसंच राहणार. पण आता आमचं बोलणं आहे.

राहता राहिली ती जुनी किल्ली. कुलूप भंगारात निघालं म्हणून नियमकाकांनी ती परत मागितली. मी ती द्यायला तयार नव्हते. सरळ मार्गाने जाणं आता माझ्या अंगात मुरलं होतं, म्हणून मी अर्ज केला, की ही निरुपयोगी किल्ली मला जवळ ठेवू द्यावी. कारणाच्या जागी न अडखळता लिहिलं: 'माझे पोट.'

फाइल पुन्हा फिरली. भांडाराने लिहिलं, 'किल्ली कशाचीच नसल्याने निर्णय घेता येत नाही.' सुरक्षेने लिहिलं, 'केळे.' शेवटी फाइल मोठ्या मॅडमकडून परत आली, हॉलमधल्या प्रत्येक टेबलावरून, नियमाप्रमाणे सगळ्यांनी वाचून सही करायला. मॅडमच्या अक्षरात, शाईने, पूर्ण सहीसकट शेरा होता: 'द्यावी. स्वानुभवावरून शिफारस करते.'

काकांनी तो वाचला. बराच वेळ वाचला. मग सही करून फाइल मिटली, आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाले, "तुमच्या त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात म्हणालात?"